शिकार संपली, जोडीदार उरला

रविवारी सकाळी रंकाळ्याच्या काठाने एक फेरी मारावी आणि माणसांकडे न पाहता त्यांच्या हातातल्या साखळ्यांच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावे. पिवळसर, भरल्या अंगाचा लॅब्राडोर आपल्या मालकाला ओढत पाण्याच्या दिशेने चाललेला असतो. लांब कानांचा कॉकर स्पॅनिअल नाक जमिनीला टेकवून गवताचा प्रत्येक झुबका तपासत असतो. सोनेरी केसांचा गोल्डन रिट्रीव्हर कुठल्या तरी मुलाचा हरवलेला चेंडू तोंडात धरून अभिमानाने मिरवतो. मालकांना वाटते, आपले कुत्रे ओढाळ आहे, हावरे आहे किंवा खेळकर आहे. खरे तर ही तिन्ही कुत्री आपापला पिढीजात धंदा करीत असतात. ही सारी शिकारी घराणी आहेत. इंग्रजीत त्यांना 'गन डॉग' म्हणतात. म्हणजे बंदूकवाल्याचे जोडीदार.

याच शहरातून पूर्वेकडे निघालो आणि हातकणंगले, शिरोळ मागे टाकून पुढे सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी माळावर गेलो, तर आणखी एक शिकारी घराणे भेटते. उंच, सडपातळ, बरगड्या मोजता येतील असे कारवानी कुत्रे शेतकऱ्याच्या दारात बसलेले असते. परक्या माणसाकडे ते पाहूनही न पाहिल्यासारखे करते. त्याला ना चेंडूत रस, ना पाण्यात. पण दूर क्षितिजावर काही हलले, की त्याचे कान मागे जातात आणि अंगातला प्रत्येक स्नायू ताठ होतो.

आपल्याकडे म्हण आहे, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. म्हण हेटाळणीची असली तरी तिच्यात कुत्रे पाळणाऱ्यांसाठी मोठे शहाणपण आहे. शेकडो वर्षे निवडून निवडून जो स्वभाव कुत्र्याच्या रक्तात मुरवला, तो आपल्या दिवाणखान्यात आल्यावर बदलत नाही. शिकार मात्र कायद्याने बंद झाली, आणि ते योग्यच झाले. प्रश्न उरतो तो या जोडीदारांचा. धंदा गेलेल्या या कारागिरांना आपण घरात घेतले खरे, पण त्यांच्या हाताला काही काम दिले का?

संस्थानचे शिकारखाने

कोल्हापूरला हा विषय परका नाही. दाजीपूरचे दाट रान ही एकेकाळी कोल्हापूरच्या छत्रपतींची राखीव शिकारीची जागा होती. राजर्षी शाहू महाराजांना जसा कुस्तीचा आणि हत्तींच्या साठमारीचा शौक होता, तसाच शिकारीचाही होता. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेली जनावरे पाहिली की त्या काळाची कल्पना येते. लहान मुले ती डोळे विस्फारून पाहतात आणि मोठी माणसे थोडी अस्वस्थ होतात. दोन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहेत.

पण कोल्हापूरच्या शिकारीची खरी ख्याती कुत्र्यांमुळे नव्हे, तर चित्त्यांमुळे झाली. पाळलेला चित्ता बैलगाडीवर बसवून माळावर न्यायचा, त्याच्या डोळ्यांवर टोपी घातलेली असायची. काळविटांचा कळप टप्प्यात आला की टोपी काढायची आणि चित्त्याला सोडायचे. काही क्षणांत एकतर शिकार व्हायची किंवा चित्ता दमून बसायचा. हिंदुस्थानातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूर, भावनगर अशा संस्थानांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आफ्रिकेतून चित्ते मागवले. त्यांना शिकवणारी, त्यांच्याशेजारी झोपणारी माणसे याच शहरात राहत होती.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. भारतातला चित्ता १९५२ साली नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ साली नामिबियातून चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात सोडले, तेव्हा कोल्हापूरच्या जुन्या चित्त्यांची आठवण पुन्हा निघाली. दाजीपूरला १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य झाले. ज्या रानात हाकारे उठत, त्या रानात आता गव्यांचे कळप पाहायला शाळांच्या सहली जातात.

चित्ता गेला, कुत्रा का राहिला?

इथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. चित्ताही माणसाचा शिकारीतला जोडीदार होता. तो माणसाळत असे, हाक ओळखत असे, पाठीवरून हात फिरवून घेत असे. मग तो आपल्या घरात का आला नाही? याचे उत्तर असे की चित्ता बंदिवासात सहसा पिले देत नाही. अकबराच्या पदरी शेकडो चित्ते होते, पण मोगलांच्या काळात पाळीव चित्त्याला पिले झाल्याची एकच नोंद सांगितली जाते, तीही जहांगीरच्या आठवणींत. त्यामुळे प्रत्येक चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. रान संपत गेले तसे चित्ते संपले. पाळलेला असूनही तो शेवटपर्यंत रानचा कैदी राहिला.

कुत्र्याचे तसे नाही. त्याने माणसाच्या दारात पिले घातली. त्यातली कोणती ठेवायची हे माणसाने ठरवले. ज्याचे नाक तिखट ते ठेवले, ज्याचा पाय हलका ते ठेवले, जे धन्याच्या नजरेला नजर देते ते ठेवले. पिढ्यान्पिढ्या ही निवड चालली आणि त्यातून निरनिराळी घराणी तयार झाली. गाण्याच्या घराण्यात जशी एखादी तान रियाजाने पक्की होते, तशी या घराण्यांत एकेक लकब पक्की झाली. फरक एवढाच, की इथे ती रक्तातून उतरते. पिलाला कोणी शिकवले नाही तरी ते तिचा सूर लावतेच.

आपल्या देवांनीही कुत्र्याला दूर ठेवलेले नाही. नृसिंहवाडीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर दत्ताची मूर्ती येते ती पायाशी चार कुत्री असलेली. शिकारीला निघणाऱ्या खंडोबाच्या घोड्यासोबतही कुत्रे असतेच. दाराबाहेरचा राखणदार आणि देवाजवळचा सोबती, अशी दोन्ही नाती आपल्या परंपरेत एकत्र नांदत आली.

बंदुकीच्या अलीकडे, पलीकडे

बंदुकीच्या शिकारीत कुत्र्याची कामे तीन. पक्षी शोधणे, तो उठवणे आणि पडलेला पक्षी आणून देणे. या तीन कामांसाठी विलायतेत तीन प्रकारची घराणी घडली.

पॉइंटर वासावरून पक्षी हेरतो आणि जागच्या जागी थिजतो. नाक पुढे, शेपूट मागे ताठ, पुढचा एक पाय उचललेला. जणू बोट दाखवून सांगतो, 'इथे आहे.' तो भुंकत नाही, झडप घालत नाही. झडप घालण्याची ऊर्मी मध्येच गोठवून ठेवणे हेच त्याचे शिक्षण आणि हीच त्याची जात. सेटर तेच काम जमिनीलगत दबून करतो. बंदूक हलकी आणि सोयीची होण्यापूर्वी इंग्लंडात तित्तर जाळ्याने धरीत. दबून बसलेल्या कुत्र्यावरूनच जाळे पुढे टाकता येई, म्हणून हे दबणे मोलाचे ठरले.

स्पॅनिअल हा झुडपातला हमाल. काट्याकुट्यांत घुसून पक्षी उठवायचा, पण बंदुकीच्या टप्प्याबाहेर जायचे नाही, हे त्याचे काम. कॉकर स्पॅनिअलचे नावच मुळी 'वुडकॉक' नावाच्या पक्ष्यावरून पडले. आज सोफ्यावर लोळणाऱ्या या लाडक्या जनावराची शेपटी वास लागताच जी भिरभिरते, ती त्या जुन्या धंद्याची खूण होय.

आणि तिसरे घराणे रिट्रीव्हरांचे. लॅब्राडोरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर काम करीत. थंडगार पाण्यात उड्या मारून जाळी, दोर आणि निसटलेले मासे आणीत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील उमरावांनी ती कुत्री आणली आणि बदकांच्या शिकारीला लावली. १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबने लॅब्राडोरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. त्याचे दुपदरी केस पाणी आत शिरू देत नाहीत. बुडाशी जाड असलेली शेपटी पोहताना सुकाणूसारखी चालते. तोंड इतके हलके की अंडे धरून आणले तरी फुटू नये, कारण धन्याच्या पानात चिंधड्या झालेला पक्षी चालत नसे. गोल्डन रिट्रीव्हरची कथाही अशीच. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी १८६८ साली पिवळ्या रिट्रीव्हरची आणि पाण्यात काम करणाऱ्या स्पॅनिअलची जोड लावून हे घराणे सुरू केले.

साहेबाबरोबर ही कुत्री हिंदुस्थानात आली. भातखाचरांतले पाणलावे, माळावरचे तित्तर आणि तळ्यातली बदके यांच्यामागे ती धावली. इथला उन्हाळा, गोचिडी आणि रोगराई त्यांना मानवत नसे. तरीही संस्थानिक, अंमलदार आणि पुढे हौशी मंडळींनी ती टिकवली. साहेब गेला, बंदुका कुलपात गेल्या, पण लॅब्राडोर मात्र मध्यमवर्गीय घरात येऊन बसला.

का बसला, याचेही उत्तर त्याच्या धंद्यात आहे. बंदूकवाल्याचा कुत्रा भांडखोर चालत नसे. चार अनोळखी शिकारी, त्यांची कुत्री, बंदुकांचे आवाज या साऱ्यांत त्याने शांत राहायचे आणि खुणेची वाट पाहायची. तोंडात धरलेली वस्तू मागितली की सोडायची. हे गुण शिकारीसाठी घडवले, पण लहान मुलांच्या घरात त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काय असणार?

त्याच नाकाचे मोल मुंबईने १९९३ साली पाहिले. बॉम्बस्फोटांच्या त्या भयंकर दिवसांत मुंबई पोलिसांच्या 'जंजीर' नावाच्या लॅब्राडोरने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स हुडकून दिले. २००० साली तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. माणसाच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून अधिक असतात. पडलेले बदक शोधायला जे नाक घडवले, त्याने असंख्य जीव वाचवले. शिकार गेली तरी गुण वाया जात नाही, त्याला फक्त नवे काम लागते.

माळावरचा मानकरी

कारवानीची रीत यापेक्षा अगदी निराळी. त्याला बंदूक लागत नाही. तो वासावर नव्हे, तर नजरेवर धावतो. जुन्या मराठीत अशा कुत्र्यांना डालकुत्रा म्हणत. लांब निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि चाबकासारखी शेपटी. हे शरीर म्हणजे निव्वळ वेग. दाट झाडीत त्याचा काही उपयोग नाही. त्याला हवा मोकळा माळ. म्हणूनच सह्याद्रीच्या रानात तो फारसा दिसत नाही आणि सांगली, सोलापूर, लातूरकडे व त्याला लागून असलेल्या कर्नाटकात मात्र दिसतो. नाव आले ते कारवाँवरून, म्हणजे व्यापाऱ्यांच्या आणि भटक्यांच्या तांड्यांवरून. त्याचे रूप अरबस्तान-इराणकडच्या सालुकीशी मिळतेजुळते. कानांना आणि शेपटीला लांब केस असलेल्या प्रकाराला 'पश्मी' म्हणतात, तोही फारसी शब्द.

याच कुत्र्याला सीमेपलीकडे मुधोळ म्हणतात. निपाणी-चिकोडीच्या पुढे घटप्रभेच्या काठी मुधोळ हे घोरपडे घराण्याचे मराठी संस्थान होते. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची निगुतीने जोपासना केली आणि त्यातली पिले इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली, असे सांगतात. तेव्हापासून मुधोळचे नाव कुत्र्याला चिकटले. आजही नावाचा वाद मिटलेला नाही. एक केनेल संघटना त्याला कॅरव्हान हाउंड म्हणून नोंदते, तर दुसरी मुधोळ हाउंड म्हणून. कुत्र्याला अर्थात दोन्ही नावांचे सुखदुःख नाही.

गेल्या काही वर्षांत या घराण्याला बरे दिवस आले. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने या जातीसाठी केंद्र उभारले. २०१६ साली तिथली पिले लष्कराच्या मेरठ येथील प्रशिक्षण केंद्रात गेली. लष्करी कामासाठी देशी जातीची परीक्षा घेण्याचा तो मोठा प्रसंग होता. २०२० साली पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला आणि शहरातल्या लोकांनाही एकाएकी मुधोळ हवासा वाटू लागला.

कायदा आणि सशाची पैज

पण याच कौतुकाला एक काळी किनार आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर होणाऱ्या शिकारीचीही दारे बंद झाली. या कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात नुसते मारणेच नव्हे, तर जनावराचा पाठलाग करणे, त्याला हुसकावणे, फासे लावणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. म्हणजे बंदूक नसली तरी कुत्रे सोडून ससा धरणे हीसुद्धा शिकारच, आणि गुन्हाच.

तरीही गावाकडे कारवानीचे मोल करताना 'ससा धरतो का?' हा प्रश्न अजून विचारला जातो. ज्याने ससा धरला त्याची किंमत चढते, त्याच्या पिलांना मागणी येते. यात जातीचा अभिमान आहे, हे मान्य. तर्कही अगदी खोटा नाही. ज्या कसोटीवर हे घराणे घडले, ती कसोटी काढून घेतली तर पुढे नुसती दिखाऊ कुत्री उरतील, अशी जुन्या जाणकारांना भीती वाटते. पण माळाचे काय झाले आहे, तेही पाहायला हवे. शेती, वस्ती आणि कारखाने यांनी गवताळ माळ आक्रसला. माळढोक नजरेआड झाला. लांडगा आणि खोकड कशीबशी तग धरून आहेत. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी कुत्र्यांच्या पायाखाली येतात. जेव्हा माळ अफाट होता आणि कुत्री मोजकी होती, तेव्हाचा न्याय आज लावता येणार नाही.

म्हणून जे खरोखर या जातीचे भोक्ते आहेत, त्यांनीच सशाची पैज मोडली पाहिजे. परदेशात नजरेवर धावणाऱ्या कुत्र्यांसाठी एक चांगली युक्ती काढली आहे. मैदानात चाकांवरून दोरी फिरवतात आणि तिला बांधलेला कापडाचा तुकडा वेडावाकडा पळवतात. कुत्री त्यामागे जीव तोडून धावतात. कुत्र्याच्या दृष्टीने जे पळते ते सावज. त्याला वेग हवा, वळणे हवीत, रक्त हवे असे काही नाही. कोण किती वळते, किती दम धरते, हे सारे तिथे पारखता येते. गावोगावी यात्रेच्या निमित्ताने लागणाऱ्या कुत्र्यांच्या शर्यतींतही जिवंत जनावर आमिष म्हणून वापरले जाणार नाही, एवढे गावकऱ्यांनी पाहिले तर घराणेही टिकेल आणि ससाही.

जंगलाच्या कडेला कुत्री पाळणाऱ्यांवर आणखी एक जबाबदारी येते, ती लसीकरणाची. २०१८ साली गीरच्या रानात कॅनाइन डिस्टेंपर या रोगाने कित्येक सिंह दगावले. हा रोग मुळात कुत्र्यांचा. राधानगरी, चांदोलीच्या शेजारी राहणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला लस टोचणे म्हणजे रानातल्या बिबट्याचेही रक्षण करणे होय. रेबीजची लस तर घरातल्या माणसांसाठीच आवश्यक आहे.

तालीम सुटली, खुराक तोच

आता घरातल्या जोडीदाराकडे वळू. कोल्हापूरकरांना एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तालमीत घुमणाऱ्या मल्लाने मेहनत सोडली आणि खुराक तोच ठेवला, तर काही महिन्यांत त्याच्या अंगाचे काय होते, हे प्रत्येक पेठेने पाहिले आहे. आपल्या शहरातील बहुतेक लॅब्राडोरांची नेमकी हीच गत आहे. दिवसभर बर्फाळ पाण्यात पोहण्यासाठी घडलेले शरीर, आणि त्याला मिळते काय? सकाळी दहा मिनिटांची फेरी, दुपारी दूधचपाती आणि रात्री पुन्हा घरातल्या प्रत्येकाच्या ताटातला एकेक घास.

त्यात लॅब्राडोरची भूक काही वेगळीच असते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडोरांत एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांचा कल अन्नाकडे व लठ्ठपणाकडे जास्त असतो. म्हणजे 'बघा ना, कसा आशेने बघतोय' असे म्हणून आपण बिस्किट पुढे करतो, तेव्हा त्याचे पोट रिकामे असतेच असे नाही. वाढलेले वजन त्याच्या कमरेच्या सांध्यांवर येते आणि सात-आठ वर्षांचे कुत्रे जिना चढेनासे होते. बरगड्यांवरून हात फिरवल्यास त्या बोटांना लागल्या पाहिजेत, हे साधे माप घरातल्या आजींनाही सांगून ठेवावे. कारवानीचे मात्र उलट. त्याच्या बरगड्या दिसणारच. शेजारी 'खायला घालत नाही काय ओ?' असे विचारतील. त्यांना खुशाल विचारू द्यावे.

कोल्हापुरात आणखी एक धोका म्हणजे आपला पाहुणचार. तांबड्या-पांढऱ्याची हाडे कुत्र्याला घालणे हा आपल्याकडे प्रेमाचा भाग मानतात. पण शिजवलेल्या हाडाचे अणकुचीदार तुकडे होतात आणि ते घशात, आतड्यात रुततात. रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला अपायकारक असतो. शेजारच्या तासगावचे बेदाणे माणसांसाठी उत्तम, पण द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणाही त्याला देऊ नये. चॉकलेट तर अजिबात नको.

हवामानाचाही विचार हवा. आपल्या पावसाळ्यात स्पॅनिअलचे लोंबते कान आत ओलसर राहतात आणि पिकतात. आठवड्यातून दोनदा ते उचलून पाहावेत, पुसून कोरडे करावेत. गोचीड ही नुसती घाण नाही. तिच्यामुळे ताप येतो, रक्त कमी होते आणि कुत्रे दगावू शकते. एप्रिल-मेमध्ये डांबरी रस्त्यावर दुपारी फिरवू नये. आपला तळहात जिथे दहा सेकंद टेकवत नाही, तिथे त्याचे पंजेही टेकू नयेत. कारवानीच्या अंगावर चरबी कमी असते, त्यामुळे भुलीची काही औषधे अशा कुत्र्यांच्या बाबतीत जपून वापरावी लागतात. शस्त्रक्रियेची वेळ आली तर डॉक्टरांना जात आवर्जून सांगावी.

पण सर्वांत महत्त्वाचे ते काम. ते देणे फार सोपे आहे. लॅब्राडोर किंवा गोल्डनला चेंडू नुसता फेकू नका. आधी बसवा, चेंडू लपवून ठेवा आणि खूण केल्यावर शोधून आणायला सांगा. स्वच्छ, उथळ पाणी मिळाले तर पोहू द्या. स्पॅनिअलचे जेवण एका ताटात ओतण्याऐवजी थोडे अंगणातल्या गवतात विखरून टाका. वीस मिनिटे नाकाने काम केलेले कुत्रे तासभर धावलेल्या कुत्र्यासारखे शांत झोपते. पॉइंटरसारख्या कुत्र्याला मात्र दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणूच नये. त्याला मैलोगणती पळावे लागते. कारवानीला साखळीने बांधून ठेवणे म्हणजे शर्यतीच्या घोड्याला घाण्याला जुंपण्यासारखे आहे. त्याला कुंपण असलेले शेत हवे आणि शेळ्या-कोंबड्यांची ओळख लहानपणीच करून द्यायला हवी. उठसूट लाड त्याला खपत नाहीत. घरातल्या एखाद्याशी त्याची गट्टी जमते, ती मात्र जन्माची.

पिलू घेतानाही घाई नको. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची नोंदणी लागते. रस्त्याकडेला टोपलीत ठेवलेली, डोळे नुकतेच उघडलेली पिले दया येऊन घेऊ नयेत. त्या दयेनेच तो बाजार चालतो. शक्य तर पिलाची आई पाहावी. तिचा स्वभाव पाहिला की पिलाचे निम्मे भविष्य कळते. आणि घराला शिकारी घराण्याच्या कुत्र्याची मेहनत झेपणार नसेल, तर गल्लीतले देशी पिलू घ्यावे. ते आपल्या हवेत मुरलेले असते आणि इमानात कोणाला हार जात नाही.

मुले आणि जोडीदार

शिकारी आणि त्याचे कुत्रे यांच्या नात्यात एक गोष्ट फार सुंदर होती. दोघे एकमेकांवर अवलंबून होते. माणसाला वास कळत नव्हता, कुत्र्याला बंदूक चालवता येत नव्हती. तासन्तास न बोलता दोघे एकाच गोष्टीकडे लक्ष लावून चालत. पॉइंटर थिजला की माणूसही थांबे. हुकूम कोणी सोडायचा आणि पाळायचा कोणी, हा प्रश्न त्या क्षणी उरत नसे. रक्तपाताचा भाग आपण सोडून दिला, पण हे एकत्र लक्ष लावणे सोडून देण्याचे कारण नाही.

आज घरातली मुले पडद्याकडे पाहत जेवतात आणि दाराशी कुत्रे कंटाळून पंजे चाटत बसते. दोघांनाही एकच औषध लागू पडते. मुलाने एखादा जुना मोजा परसात लपवावा आणि कुत्र्याला म्हणावे, 'शोध.' कुत्रे नाकाने हवा पारखते, एकदा चुकते, मागे वळते आणि मुलाच्या तोंडाकडे पाहते. मुलाला तेव्हा कळते, की हे जनावर आपल्याला न दिसणारे जग वाचते आहे. आपण ते घाईने सांगून टाकले तर त्याचा आनंद हिरावून घेऊ, म्हणून तेही श्वास रोखून थांबते. मग मोजा सापडतो, शेपटी भिरभिरते आणि ओला, लाळेने भरलेला मोजा अलगद मुलाच्या हातात येतो.

या साऱ्यात पैसा लागत नाही, रान लागत नाही, कोणाचा जीव जात नाही. लागतो तो रोजचा अर्धा तास. ज्या घराला तेवढा वेळ देता येईल, त्यानेच या जुन्या शिकाऱ्यांना दारात घ्यावे. त्यांनी शेकडो वर्षे माणसासाठी काम केले आहे. म्हातारपणीच्या पेन्शनसारखी नुसती चपाती त्यांच्यापुढे टाकणे हा त्यांचा सन्मान नव्हे. आपले काम कोणाला तरी हवे आहे, एवढे त्यांना रोज कळले तरी पुरे.